ड्रेंच : पाजणे, बुडवणे, भिजणे

एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला संकोच नाही.

काही वर्षांपूर्वी श्रावणात, लष्करातल्या एका जुन्या वाड्यातून सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना माझ्याकडे आणले होते. अंगात कणकण, सांधे आखडलेले, बसले की उठवत नाही, अशी तक्रार. सोबत कॉलेजात जाणारी नात. आजी अगदी हळू बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यातले "ओलेत्याने" एवढेच माझ्या कानी पडले. पुन्हा विचारले, तर नातच म्हणाली, "डॉक्टरकाका, आजी पूरी भिगली होती." बाहेर दोन दिवसांची झड लागलेली. मी मान डोलावली आणि कागदावर इंग्रजीत एकच शब्द लिहिला, 'ड्रेंच्ड'.

आमच्या शास्त्रात हा तपशील किरकोळ मानत नाहीत. अमेरिकन डॉक्टर केंट यांचा लक्षणकोश आम्ही विद्यार्थिदशेपासून चाळत आलो. त्यात भिजण्याने होणाऱ्या त्रासाचे सदर आहे आणि त्याच्या पोटात पुन्हा वेगवेगळी कलमे आहेत : डोके भिजणे, पाय भिजणे, घामाने थबथबलेले असताना अंगावर पाणी पडणे. कलम बदलले की औषधांची यादी बदलते. तेव्हा रोगी 'भिजलो' म्हणाला की डॉक्टरने विचारायला हवे, कसे भिजलात? कशाने? आणि किती वेळ? त्या दिवशी मी ते विचारले नाही.

आठवड्याने आजी पुन्हा आल्या तेव्हा नात नव्हती. त्या स्वतःच सविस्तर बोलल्या. पावसाचा थेंबही त्यांच्या अंगावर पडला नव्हता. श्रावणातले त्यांचे नेम होते. पहाटे न्हायचे, ओले लुगडे अंगावर तसेच ठेवायचे आणि पूजा आटोपून नैवेद्य होईपर्यंत तसेच वावरायचे. दोन तास, कधी तीन. "ओलेत्याने होते हो मी, भिजले कुठे?" असे त्या जरा रागानेच म्हणाल्या. मी आधी त्यांना कोरडे लुगडे नेसायची विनंती केली, मग औषधाचा विचार केला. त्यांना पुढे आराम पडला. तो कशाने पडला, हा या लेखाचा विषय नाही.

विषय आहे तो मी इतक्या सहज लिहून टाकलेला इंग्रजी शब्द. त्या रात्री शब्दकोश काढला आणि वाचकहो, तो लवकर मिटता आला नाही.

'ड्रेंच' म्हणजे चिंब भिजवणे, हे आपण शाळेत शिकलो. पण या शब्दाचा जन्म पावसात झालेला नाही. जुन्या इंग्रजीत 'द्रिंकन' म्हणजे पिणे आणि त्याच्याच शेजारी 'द्रेंचन' म्हणजे प्यायला लावणे, पाजणे. ड्रिंक आणि ड्रेंच ही सख्खी भावंडे आहेत. इंग्रजी माणसाला हे आज मुद्दाम सांगावे लागते. मराठी माणसाला सांगावे लागू नये, कारण आपण दिवसभर हेच व्याकरण बोलतो : पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, चरणे आणि चारणे, तरणे आणि तारणे. आत एक स्वर बदलला की भोगणारा जाऊन करणारा येतो. इंग्रजीतही एके काळी ही सोय भरपूर होती. आता तिचे थोडे अवशेष उरलेत : बसणे या अर्थाचा 'सिट' आणि बसवणे, ठेवणे या अर्थाचा 'सेट', आडवे होण्याचा 'लाय' आणि आडवे करण्याचा 'ले'. तशीच ही पिण्या-पाजण्याची जोडी. फरक इतकाच, की ती आता जोडी म्हणून कोणाच्या लक्षात राहिली नाही.

स्वर का बदलला, याचीही गंमत आहे. इंग्रजी आणि जर्मन यांच्या पूर्वज भाषेत या क्रियापदाच्या शेपटीला 'इय' असा प्रत्यय होता. त्याच्या ओढीने मागच्या 'आ'चा 'ए' झाला आणि 'क'चा 'च'. हा 'इय' आणि संस्कृतातल्या प्रयोजक क्रियापदातला 'अय', म्हणजे कारयति, पाययति यातला, भाषाशास्त्राच्या हिशेबात एकाच कुळातले. पाणिनीने ज्याला णिच् म्हटले, त्याचा एक दूरचा चुलतभाऊ लंडनच्या पावसात छत्री मिटून उभा आहे!

पाजण्याकडून भिजण्याकडे हा शब्द सरळ गेला नाही, मध्ये तो बुडला. जुन्या इंग्रजीतच 'द्रेंचन'चे अर्थ पसरत गेले होते : प्यायला देणे, दारू पाजून झिंगवणे, पाण्यात घालणे, बुडवून मारणे. माणूस बुडतो म्हणजे त्याला पाणी पाजले जाते, अगदी शेवटपर्यंत, असा तो विचार असावा. चौदाव्या शतकात चॉसर हा शब्द वापरतो तेव्हा त्याची माणसे भिजत नाहीत, बुडून मरतात. जर्मन भाषेत आजही गुरांना पाणी पाजणे म्हणजे 'ट्रेंकन' आणि त्यालाच उपसर्ग लावला की बुडवून मारणे. स्वीडिश भाषेत 'द्रेंका' म्हणजे बुडवणेच. वरून पाणी ओतून चिंब करणे, हा आपल्या ओळखीचा अर्थ इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या मध्याला रूढ झालेला दिसतो.

शेक्सपियर त्यानंतर लवकरच आला. त्याच्या हाताशी हे सगळे अर्थ अजून ताजे होते. 'मॅकबेथ'मध्ये राजाचे पहारेकरी ड्रेंच होऊन पडलेले असतात ते दारूने. 'राजा लिअर'मध्ये वादळात उभा राहिलेला म्हातारा राजा आभाळाला सांगतो की देवळांची शिखरे ड्रेंच करून टाक, तेव्हा ते पाण्याने. आणि 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात एका तापट सरदाराची नक्कल करताना त्याच्या घोड्याला ड्रेंच द्यायची आज्ञा येते, तेव्हा ते औषध असते. तीन नाटके, तीन अर्थ. पुढच्या काळात झिंगण्याचा अर्थ गळाला, पावसाचा वरचढ झाला आणि औषधाचा फक्त तबेल्यात शिल्लक राहिला.

तबेल्यातला हा अर्थ आपल्या गावाला परका नाही. आपण ज्याला लष्कर म्हणतो ते मुळात शहर नव्हतेच, १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी टाकलेला तळ होता. त्याच्या आदल्याच वर्षी ही छावणी राजपुतान्यात फिरत होती. ब्रिटिश रेसिडेंटाच्या संरक्षक तुकडीचा अधिकारी ब्राउटन तिच्याबरोबर होता. त्याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली. तुमच्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या छावणीबरोबर इथे आले. घोडा हेच ज्यांचे भांडवल, त्यांना पोटशूळ झालेल्या घोड्याला काढा पाजणे हे रोजचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्वाल्हेर संस्थानाने साम्राज्याच्या सेवेसाठी वाहतूक पथक उभे केले. ते १८९५ मध्ये चित्रळच्या आणि १८९७ मध्ये तिराहच्या मोहिमेत वायव्य सरहद्दीवर गेले. तट्टांवर आणि खेचरांवर चालणारे ते पथक. मुंबईला १८८६ मध्ये पशुवैद्यकाचे कॉलेज सुरू झाले होते. जनावरांचे वैद्यक इंग्रजीत शिकवले जाऊ लागले तशी 'ड्रेंच' ही संज्ञा आपल्याकडेही आली. औषधही ड्रेंच आणि ते पाजणेही ड्रेंच.

कृती मात्र आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. बैलाचे तोंड वर करायचे, गालाच्या कोपऱ्यातून बांबूचे नळकांडे आत सारायचे आणि काढा हळूहळू सोडायचा. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. घाई केली, मान जास्त ताणली किंवा जनावर खोकत असतानाही ओतत राहिले, तर औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसे सुजतात. पशुवैद्यकात या आजाराचे नावच 'ड्रेंचिंग न्यूमोनिया' आहे. हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थबकलो. पाजता पाजता बुडवणे! शब्दकोशकार जे दोन अर्थ वेगवेगळे मांडतात, ते एका बैलाच्या घशात काही क्षणांत एकत्र येतात. चॉसरचा जुना अर्थ मेला नव्हता, तो गोठ्यात दबा धरून होता.

आता आपल्या 'पाजणे'कडे या. इंग्रजीतला हा शब्द माणसाकडून जनावराकडे उतरला. आपला शब्द उलट सर्वांत कोवळ्या जागी जाऊन बसला. 'ती बाळाला पाजते आहे' या वाक्यात काय पाजते हे कोणी विचारत नाही. कर्म सांगितले नाही की मराठीत पाजणे म्हणजे आईचे दूध, दुसरे काही नाही. त्याच वेळी 'त्याने सगळ्यांना पाणी पाजले' म्हटले की सगळे हरले. आणि लोखंडही पाणी पिते. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात शस्त्रांना 'पायना' देण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : क्षारात, पाण्यात आणि तेलात. तापवलेले शस्त्र त्या त्या द्रवात घालायचे. हाड किंवा रुतलेला बाण कापायचे शस्त्र क्षार प्यायलेले, मांस कापायचे पाणी प्यायलेले, शीर वेधायचे तेल प्यायलेले. पायना म्हणजे शब्दशः पाजणे. आपल्या घरी विळी पाजवून आणतात, त्या 'पाजवणे'चे मूळ मला इथेच दिसते. सुश्रुताच्या शस्त्रागारात आणि इंग्रज घोडेवैद्याच्या पेटीत एकच क्रियापद सापडावे, याचा मला वैद्य म्हणून जास्त आनंद झाला की भाषेचा हौशी म्हणून, सांगता येत नाही.

इंग्रजीत ओले होण्याचे आणखी शब्द आहेत. त्यांच्यावर फार थांबत नाही. 'सोक'चे नाते चोखणे, शोषणे या अर्थाच्या 'सक'शी आहे, म्हणजे तिथेही पिणेच. 'सॉडन' म्हणजे पाण्याने जड झालेला, पण मुळात त्याचा अर्थ उकडलेला. १६११ च्या इंग्रजी बायबलात सॉडन मांस म्हणजे शिजवलेले मांस. स्वयंपाकघरातून निघालेला हा शब्द चिखलात जाऊन पडला.

मग आपले भिजणे कुठून आले? मला वाटत होते, पाण्याशी संबंधित कुठल्या तरी धातूपासून. तसे नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याला संस्कृत 'अभि' अधिक 'अञ्ज्' इथपर्यंत नेतात. अञ्ज् म्हणजे माखणे, चोपडणे. डोळ्यातले अंजन त्यातलेच. अभ्यंगही त्यातलाच. त्याच्या कर्मणी रूपातला सुरुवातीचा 'अ' प्राकृतात गळाला आणि 'भिज्ज' उरला, जसा 'अभ्यंतर'मधला 'अ' गळून 'भीतर' झाले. म्हणजे नरकचतुर्दशीच्या पहाटे आई आपल्याला तेल लावून जे घालते ते अभ्यंगस्नान आणि शाळेतून येताना पावसात होते ते भिजणे, हे एकाच मुळाचे दोन फुटवे. इंग्रज भिजतो तेव्हा त्याला कोणीतरी पाजलेले असते. आपण भिजतो तेव्हा आपल्याला कोणीतरी माखलेले असते. दोन्हीकडे मुळात करणारा कोणी दुसरा होता. आता तो दिसत नाही.

'ओला' हा शब्द वेगळ्या घरचा. बाराव्या शतकात गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी प्राकृताचे व्याकरण रचले. त्यात संस्कृत 'आर्द्र' या शब्दाला प्राकृतात उल्ल, ओल्ल, अल्ल अशी रूपे होतात असा नियम आहे. ओल्लचा झाला आपला ओला. अल्ल गेला स्वयंपाकघरात आणि झाले आले. आले म्हणजे ओले, वाळले की सुंठ. आमच्याकडे तर ओले आले कंदमूळ म्हणून वर्ज्य आणि सुंठ चालते, त्यामुळे हा फरक आम्हाला व्याकरणाच्या आधी ताटात शिकवला जातो. हिंदीतले अदरकही आर्द्रकच. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य ज्या नक्षत्रात जातो, ज्याच्याकडे शेतकरी डोळे लावून बसतो, ते आर्द्रा. नक्षत्र, आले आणि ओले लुगडे, तिघांचे आडनाव एक!

'सचैल' तर फारच नेमका शब्द. चैल म्हणजे वस्त्र. सुतक-सोयराच्या प्रसंगी अंगावरच्या वस्त्रासकट करायचे ते सचैल स्नान. धर्मशास्त्रातला हा शब्द मराठीने मोठ्या खुशीत पावसाला दिला. आज कोणी 'सचैल भिजलो' म्हणतो तेव्हा कपड्यांसकट भिजलो हेच तो सांगत असतो, त्याला माहीत असो वा नसो. किल्ल्याच्या उरवाई घाटीत पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, खडकात कोरलेल्या आमच्या तीर्थंकरांच्या मूर्ती तुम्ही पाहिल्या असतील. बाबरानेही आपल्या आत्मचरित्रात त्यांचा उल्लेख केला आहे. त्यातली सर्वांत उंच मूर्ती सत्तावन्न फुटांच्या आसपास आहे. भर पावसात त्या मूर्ती पाहताना माझ्या मनात आले, यांना सचैल म्हणता येत नाही आणि ओलेत्याही म्हणता येत नाही, कारण दिगंबराला वस्त्रच नाही. त्यांना फक्त चिंब म्हणता येते. देवळात आम्ही अभिषेक झाल्यावर मूर्ती कोरड्या वस्त्राने पुसून घेतो, ओल राहिली की तिच्यात जीव धरतात म्हणून. घाटीत ते काम ऊन करते.

आता पुन्हा त्या आजींच्या नातीकडे. 'भिगली होती' म्हणाली म्हणून तिच्यावर रागवायला मी तयार नाही. ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदी मिसळली, हे रडगाणे आपल्या सभांमधून मी खूप वर्षे ऐकतो आहे. भीगना आणि भिजणे हे एकाच अभ्यंगाचे दोन थेंब. एकाच्या जागी दुसरा आला तर घरातलेच माणूस दुसऱ्या खोलीतून आले म्हणायचे. तोटा तिथे नाही. तोटा झाला तो 'ओलेत्याने' या शब्दाचा. त्याला नातीच्या हिंदीत जोड नव्हती. माझ्या इंग्रजीतही नव्हती. ड्रेंच्ड म्हणजे वरून लोटलेले पाणी, पाहता पाहता झालेले, अंगावर आलेले. ओलेत्याने असणे म्हणजे आपल्या इच्छेने, नेमाने, तासन् तास ओल्या वस्त्रात राहणे. एकात बाई भिजते, दुसऱ्यात ती ओल सांभाळते. नातीने तो शब्द ऐकला, तिला तो कळला नाही, म्हणून तिने त्यातल्या त्यात जवळचा शब्द दिला. मला तो कळत होता, कारण माझी आजी याच शहरात हाच शब्द बोलत असे. तरी मी नातीचे भाषांतर घेतले आणि त्याचे पुन्हा इंग्रजी केले. दोन पायऱ्यांत बाईचे व्रत पुसले गेले आणि कागदावर पाऊस पडला.

आमच्या शास्त्राचे संस्थापक हानेमान पोटासाठी भाषांतरे करत. १७९० मध्ये कलन या स्कॉटिश वैद्याच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर करताना सिंकोनाच्या सालीबद्दलचे त्याचे म्हणणे त्यांना पटले नाही. पुढचे सगळे तिथून निघाले. भाषांतर करताना थांबायचे कुठे, हे त्यांना कळले होते. मी त्या दिवशी नको तिथे पुढे गेलो.

परवा एक मध्यमवयीन गृहस्थ आले होते, जुन्या सरदार घराण्यातले. मी विचारले, काय झाले? म्हणाले, "भिजत घोंगडं आहे डॉक्टर, सहा महिन्यांपासून सर्दी." मी हसलो, पण लिहिण्याआधी विचारले, घोंगडे कशाने भिजले, घामाने की पावसाने? तेही हसले, मग जरा विचार करून म्हणाले, सकाळी पोहून आल्यावर केस तसेच ओले ठेवून ते स्कूटरवरून दुकानाला जातात. केस ओले, बाकी अंग कोरडे. कागदावर बाकी सारे इंग्रजीतच आहे. मधोमध एक ओळ देवनागरीत लिहिली, त्यांच्याच शब्दांत.

त्या आजींचा कागदही माझ्या कपाटात आहे. 'ड्रेंच्ड'वर आडवी रेघ आहे आणि वर लिहिले आहे, ओलेत्याने.